पहिल्या तीस मिनिटांचा फॉरवर्ड

राष्ट्राचं भवितव्य तरुणांच्या हाती असतं. फुटबॉलमध्ये ते त्यांच्या पायांशी असतं, त्यामुळे ते फार वेळ मैदानावर ठेवणं धोक्याचं.

या बाबतीत आमचा उनियोन मुएये क्लब पेरूच्या साऱ्या किनाऱ्यावर सर्वांत जबाबदार आहे. सत्तावीस वर्षं मी त्यांचे कपडे धुते आहे, तेव्हा मी सांगते ते आतलं सांगते (शर्टही उलटा करूनच धुवायचा असतो).

महासंघानं नियम काढला: प्रत्येक क्लबानं हंगामात एकूण हजार मिनिटं वीस वर्षांखालचा खेळाडू खेळवायचा, नाहीतर गुण कापले जातील. उद्देश, तरुणांना उत्तेजन. आमच्या समितीनं दोन दिवस बसून उत्तेजनाचा भागाकार केला. सामने चौतीस, प्रत्येकी तीस मिनिटं, एकूण एक हजार वीस. वरची वीस मिनिटं भलतंसलतं काही घडलं तर राखीव.

मग प्रश्न आला, तरुण कुठल्या जागी ठेवायचा. गोलकीपर चुकला तर गोल होतो. बचावातला चुकला तरी होतो. फॉरवर्ड चुकला तर एवढंच होतं की गोल होत नाही, आणि त्याची क्लबाला सवय होती. म्हणून फॉरवर्ड. आणि सामन्याची सुरुवातीची तीस मिनिटं, कारण तेव्हा हरायला पुष्कळ वेळ शिल्लक असतो.

अशा शास्त्रशुद्ध पद्धतीनं नेइसर वामानचुमो व्यावसायिक फुटबॉलपटू झाला. वय अठरा, शर्ट क्रमांक सत्तावीस, डावा पाय. राहायला माझ्याकडे, मागच्या खोलीत. पहिल्या सामन्याआधी प्रशिक्षक उर्बिनांनी त्याला डावपेच समजावले, तेव्हा मी मोज्यांच्या जोड्या लावत होते.

"सर, चेंडू माझ्याकडे आला तर?"

"वेलार्दे जिथे असता, तिथे दे."

"वेलार्दे तर बाकावर बसलाय."

"मग बाहेर मार. हे बघ पोरा, तुला मिनिटं खेळायचीत. फुटबॉल आम्ही नंतर खेळू."

वेलार्दे म्हणजे आमचा खरा फॉरवर्ड. वय छत्तीस, गुडघे त्याहून मोठे.

समोरच्या क्लबांच्या समित्याही काही कमी अभ्यासू नव्हत्या. त्यांनीही पोरगा फॉरवर्डलाच ठेवला. त्यामुळे पहिली तीस मिनिटं मैदानाच्या दोन टोकांना दोन पोरं उभी असत आणि ओळख वाढली की एकमेकांना हात करत.

प्रेक्षकांनीही नियमाला मनापासून साथ दिली. आमच्या बंदरात रविवारी दुपारी सेविचे खाल्ल्याशिवाय कोणी कुठे जात नाही. पूर्वी लोक सामन्यासाठी लिंबू-मासळीची दुसरी ताटली सोडून पळत यायचे. आता तिसाव्या मिनिटाला वेलार्दे उतरतो हे कळल्यावर दुसरी ताटली शांतपणे संपवून येऊ लागले. क्लबाच्या अहवालात याची नोंद "कुटुंबसंस्थेला हातभार" अशी आहे.

दोन हंगामांत, शेवटचा सामना सोडून, नेइसरची कारकीर्द अशी भरली: सामने सदुसष्ट, मिनिटं दोन हजार दहा, चेंडू बाहेर मारले तीनशे अकरा, गोल शून्य. शर्टावर डाग चार (त्यातले दोन माझ्या कॉफीचे).

आता अडचण अशी होती, की शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी नेइसरला वीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे तो तरुण राहणार नव्हता. करारही तिथेच संपत होता. तो अध्यक्ष डॉन तेओदोरोंकडे गेला. अध्यक्ष उदार मनाचे आहेत. म्हणाले, "फॉरवर्ड आहेस ना? एक गोल कर. करार पक्का."

"तीस मिनिटांत?"

"बाळा, गोलाला एक मिनिट पुरतं. मी तुला एकोणतीस जास्तीची देतोय."

शेवटच्या सामन्याला क्लबालाही जिंकणं भाग होतं, नाहीतर खालच्या विभागात रवानगी. सकाळी नेइसरला भात गेला नाही. मी म्हटलं, "अरे, दोन घास खा. उपाशीपोटी कोण गोल करतं?"

"मावशी, भरल्या पोटानं तरी कुठे केलाय?"

बाविसाव्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला. समोरचे दोन बचावपटू हात कमरेवर ठेवून बाजूच्या रेषेकडे बघायला लागले. हा पोरगा चेंडू बाहेर मारतो, हे त्यांच्या प्रशिक्षकांनी अभ्यास करून सांगितलं होतं. नेइसरनं बाहेर मारला नाही. दोघांच्या मधून गेला, गोलकीपर पुढे येईपर्यंत थांबला आणि डाव्या पायानं, उशीवर डोकं टेकवावं तसा, चेंडू कोपऱ्यात ठेवला.

त्यानं दोन्ही हात वर केले. गॅलरीत भाजके मके विकणारी बेनिल्दा होती आणि दोन पोलीस होते (बघत होता एक). त्यानं हात खाली घेतले आणि धावत बाकाशेजारी माझ्याकडे आला, कारण बघणाऱ्यांत ओळखीचं तेवढंच होतं.

"मावशी, बघितलंस ना?"

"बघितलं."

"डावा होता."

"डावाच. जा, पुढे खेळ."

उर्बिना सर पाठमोरे, घड्याळात बघत होते. तिसाव्या मिनिटाला त्यांनी त्याला नियमाप्रमाणे बाहेर काढलं. त्याच वेळी गाव आत आलं. फळ्यावर एक-शून्य, आणि मैदानावर वेलार्दे. गाव उभं राहिलं. वेलार्दे सरळ माणूस, त्यानं हातानं "मी नाही, मी नाही" केलं. एवढी नम्रता पाहून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सामना एक-शून्यच संपला. क्लब वाचला.

मंगळवारी नेइसर अध्यक्षांसमोर उभा राहिला. त्याचे धुतलेले शर्ट परत करायला मीही गेले होते.

"गोल झाला," डॉन तेओदोरो म्हणाले, "पंचांच्या कागदावर तुझं नाव आहे. क्लब ऋणी आहे. पण तो गोल एकोणीस वर्षांच्या मुलानं केला. त्या मुलाचं आम्हाला कौतुकच आहे. तू वीसचा. विसाव्या वर्षी तुझे गोल किती?"

"काल तर वाढदिवस झाला, डॉन तेओदोरो."

"म्हणजे शून्य."

मी म्हटलं, "मी बघितलाय तो गोल."

"सेन्योरा," ते प्रेमानं म्हणाले, "तुमच्या कपड्यांबद्दल क्लबाची कधीच तक्रार नव्हती."

बूट पिशवीत घालून नेइसर दक्षिणेला डोंगरात गेला, दुसऱ्या विभागातल्या एका क्लबाकडे. तिथे उंचीवर दम लागतो म्हणे. परवा फोन आला होता. पूर्ण नव्वद मिनिटं खेळला, शेवटची दहा कशी खेळायची हे कोणी शिकवलंच नव्हतं, म्हणून नुसता धावला. पोरगा हसत होता, तेव्हा बरं चाललं असावं.

गावाला मात्र जाग आली आहे. तरुणांना संधी मिळत नाही, म्हणून चौकात सभा झाली, दोन हजार सह्या जमल्या. वाचणाऱ्यांनाही, चेहऱ्यावरून दिसतं आहे, नेइसरचं फार वाईट वाटतं आहे. चांगली गोष्ट आहे.

दरम्यान नवा हंगाम सुरू झाला. सत्तावीस क्रमांकाचा शर्ट मी खांद्यात आत घेतला, कारण नवा फॉरवर्ड सतरा वर्षांचा आहे आणि अंगानं बारीक. तीन सामने झाले, नव्वद मिनिटं भरली. मागच्या खोलीत राहतो, भात नीट खातो. त्याचं नाव मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही विचारलेलं नाही.