साठ फूट आणि सरंग्यांची जोडी

घिवलीच्या जमनाने आजवर कोणाचाही पहिला भाव मान्य केला नव्हता. बोईसरच्या बाजारात ती डोक्यावरची पाटी उतरवून बसली की गिऱ्हाइकं आधी घसा साफ करून घेत. एकदा पालघरच्या एका वकिलाने मासळीच्या भावावरून तिच्याशी हुज्जत घातली होती. अर्ध्या तासाने त्याने तिचाच भाव दिला आणि जाताना माफीही मागितली.

त्यामुळे गावात लाल खुंट्या दिसल्या तेव्हा रस्त्याच्या साहेबाकडे कोणाला पाठवायचं, याची चर्चाच झाली नाही. किनाऱ्याला मोठं बांधकाम निघालं होतं आणि त्याच्या ट्रकांसाठी रस्ता व्हायचा होता. खुंट्यांच्या दोन रांगा थेट गावाच्या वाळवणाच्या जागेतून गेल्या होत्या. यात तशी कोणाची लबाडी नव्हती. मोजणी भर पावसाळ्यात झाली. तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि बोंबील टांगायची बांबूंची वलांडी उतरवून ठेवलेली असतात. मोजणाऱ्याला दिसली ती नुसती वाळू. त्याने नकाशावर ‘मोकळी जागा’ असं लिहिलं. आता दिवाळी होऊन गेली होती, वलांडी उभी राहिली होती, आणि ती गेली तर वर्षाचे बोंबील टांगायचे कुठे, हे कोणालाच सुचत नव्हतं.

“जमने, तूच जा,” वयाने सगळ्यांत मोठी असलेली काशीबाई म्हणाली. “सायबाला असा सोलून काड, की खुंट्या त्यानंच उपटल्या पायजेत.”

जमना नवं लुगडं नेसली, केसांत अबोली माळली. पाटी तिने घरीच ठेवली. साहेबाकडे मासळीचा वास घेऊन कसं जायचं? बोईसर स्टेशनाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये कर्णिक साहेबांचं ऑफिस होतं. आत हिरवं कापड घातलेलं टेबल होतं, त्यावर काचेचा गोळा आणि पलीकडे एक चष्मा. उंबरठ्यापासून टेबलापर्यंत आठ पावलं होती. त्या आठ पावलांत जमनाचा आवाज कुठेतरी गळून पडला.

साहेब स्वभावाने भले होते. ही जागा मोकळीच असते ना, असं त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं.

“होय सायब,” जमना म्हणाली.

“साठ फुटांचा रस्ता होईल. गावाची काही हरकत?”

“नाय सायब.”

“बाजूला थोडी खडी टाकली तर चालेल?”

“होय सायब.”

कर्णिक साहेब भारावून गेले. आतापर्यंत ते सहा गावांत गेले होते आणि सहाही गावांत त्यांना ओरडा खावा लागला होता. त्यांनी जमनाला चहा पाजला, बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि तिचं सगळं म्हणणं कागदावर लिहून खाली तिचा अंगठा घेतला. सोमवारी हा कागद नकाशाबरोबर वर जाणार होता. एकदा गेला की मग कोणालाच काही करता येणार नव्हतं.

विहिरीपाशी बायका वाट पाहत होत्या. साहेब काय बोलला, असं काशीबाईने विचारलं.

“चा पाजला,” जमना म्हणाली. हे खरंच होतं. बायकांना वाटलं, साहेब पुरता नमला. काशीबाईने नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं, आणि एकदा खोबरं वाटलं गेल्यावर पुढचं सांगणं जमनाला आणखीच अवघड झालं.

बुधवारी खडीचा ट्रक आला आणि वलांडीच्या पायथ्याशी रिकामा झाला. बायका धावल्या. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “जमना बाई ने बोला, इधर डालो. कागज पे लिखा है.”

त्यानंतर दोन दिवस जमनाशी कोणी बोललं नाही. शेवटी काशीबाईनेच पडतं घेतलं. ती उलट्या टोपलीवर साहेब होऊन बसली, कोणाचा तरी चष्मा नाकावर चढवला आणि जमनाकडून सराव करून घेतला. जमना अशी कडाडली की कुंपणातली बकरी दावं तोडून पळाली. त्या जोरावर शुक्रवारी जमना दहा बायकांसह ऑफिसात गेली. सगळ्याजणी हात धुऊन, नवी लुगडी नेसून निघाल्या होत्या.

साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. गाव आभार मानायला आलंय, असंच त्यांना वाटलं. खडी पोचली ना, असं त्यांनी विचारलं.

“होय सायब,” अकरा आवाज एका सुरात आले.

“आणि ते बांबू पाहिले मी. तुम्हाला उगाच त्रास नको. सोमवारी माझेच मजूर लावून काढून देतो.”

“होय सायब.”

परतताना रस्ताभर कोणी कोणाकडे पाहिलं नाही. निदान आता जमनाला दोष देण्याची मात्र कोणाची टाप नव्हती.

शनिवारी दुपारी दादू समुद्रावरून आला. हा जमनाचा नवरा, होडीचा तांडेल म्हणजे म्होरक्या. पाण्यावर त्याने हाक दिली की शेजारच्या होड्याही शीड फिरवत. घरात मात्र तो दिवसाला सरासरी नऊ शब्द बोले, आणि त्यांतले चार जेवणाबद्दल असत. जमनाने रडत रडत त्याला सगळं सांगितलं. त्याने भाकरी संपवली, हात धुतला.

“पाटी कुटं होती?”

“घरी. सायबाकडं मासळी घेऊन जातात काय?”

“मी घरात बोलतो काय?”

“नाय.”

“होडीवर?”

“होडीवर तुमचा आवाज किनाऱ्यावर ऐकू येतो.”

“मंग,” दादू म्हणाला आणि आडवा झाला. दिवसाचे नऊ शब्द संपले होते.

जमना बराच वेळ कोपऱ्यातल्या पाटीकडे पाहत राहिली.

सोमवारी सकाळी आठ वाजता कर्णिक साहेब कागदांचा गठ्ठा बगलेत मारून आले, तेव्हा ऑफिसच्या पायरीवर पाटी उतरवलेली होती. जमना जुनं लुगडं खोचून तिच्यामागे बसली होती. पाटीत सहा सरंगे होते. त्यांची चांदी अजून ओली होती. साहेबांनी एकदा घड्याळात पाहिलं, एकदा सरंग्यांकडे पाहिलं आणि ते उकिडवे बसले. चष्मा नाकावर घसरला. अंगठा आपोआप कल्ल्याकडे गेला. आता ते जमनाला अगदी ओळखीचे वाटले. असे तिने हजारभर पाहिले होते.

“कशी दिली जोडी?”

“जोडीचं मागनं बोलू. रस्ता केवढ्याला लावलाय, ते सांगा.”

“साठ,” साहेब कल्ला उचलून पाहत म्हणाले.

“साठ?” जमनाचा आवाज स्टेशनापर्यंत गेला. “सकाळच्या पारी मस्करी करता काय? पंधरा.”

वीस वर्षं मासळी घेतलेल्या माणसाच्या जिभेने पुढचं काम स्वतःच केलं. “पंधरात दोन ट्रक कसे मावतील, बाई? पन्नास.”

“ठेवा तो सरंगा खाली. दाबून दाबून मऊ केलात.”

“अहो, सरकारी रुंदी असते ती.”

“सरकारी म्हंजे बर्फातली. ताजी बोला.”

“चाळीस.”

“वीस. आन् आमच्या वाळवणातनं नाय. पल्याड सुरूची झाडं हायत, तिकडनं.”

“छे, परवडत नाही,” म्हणत साहेब उठले आणि चालू लागले. जमनाने तिकडे पाहिलंही नाही. तिने सरंग्यांवर पाणी शिंपडलं. तिच्या पाटीवरून उठलेलं कोणतंही गिऱ्हाईक आजवर पाचव्या पावलापर्यंत गेलं नव्हतं. साहेब चौथ्यावर वळले.

“तीस. सुरूच्या झाडांकडून. शेवटचं.”

“घ्या. आन् खडीचा ढीग तुमचा तुमी उचलायचा, तो वर.”

साहेबांनी मान हलवली. जोडी पसंत केली आणि जमनाने सांगितला तो भाव दिला. पिशवी आणलेली नव्हती, म्हणून त्यांनी गठ्ठ्यातला वरचा कागद काढून पुढे केला. जमनाने सरंगे त्यात घट्ट गुंडाळले. कागदाच्या तळाशी तिचा निळा अंगठा होता. तो नेमका सरंग्याच्या डोळ्यावर आला.

साहेब आत जाऊन खुर्चीवर बसले. समोर हिरवं टेबल आलं, हाताशी काचेचा गोळा आला, आणि ते दचकले.

“जमनाबाई, इकडे या. रस्ता असा ठरत नसतो.”

जमना पाटी घेऊन आत गेली. सहाव्या पावलाला ‘होय’ तिच्या घशापर्यंत आला. तिने घाईघाईने पाटी टेबलासमोर उतरवली आणि जमिनीवर बसकण मारली. खुर्चीतून साहेबांना आता फक्त भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

“कुठे गेलात?” साहेब टेबलाला वळसा घालून आले. बसलेल्या कोळणीशी उभ्याने बोलता येत नाही, म्हणून ते पुन्हा उकिडवे झाले.

“तीस बोललात ना?”

“बोललो.”

“सरंगे घेतलेत ना?”

“घेतले.”

“मंग?”

बोललेला भाव आणि घेतलेली मासळी अख्ख्या बाजारात कोणी परत करत नाही. साहेबांनी नकाशा जमिनीवर पसरला. वलांडी कुठून कुठपर्यंत, ते जमनाने सरंग्याच्या शेपटीने दाखवलं. साहेबांनी ‘मोकळी जागा’ खोडलं. पेन्सिलीची रेघ सुरूच्या झाडांकडे वळवली आणि चष्मा वर करून पाहिलं. तिकडची जमीन टणक होती, भरावही कमी लागणार होता. हे आधी कोणी का नाही सांगितलं, असं ते हळूच पुटपुटले. जमनाने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

ती गावात परतली ती खडी उचलायला निघालेल्या ट्रकात, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर रिकामी पाटी घेऊन. खुंट्या मजुरांनी काढायच्या होत्या, पण तेवढा वेळ बायकांनी त्यांना दिला नाही. पहिली खुंटी काशीबाईने उपटली आणि चुलीसाठी घरी नेली.

आठवड्याने पहिले बोंबील वाळले. जमनाने त्यांचं कालवण केलं, दादूला वाढलं आणि तो नेहमीसारखा मुकाट जेवू लागला. जमना उठून बाहेर गेली, होडीचं वल्हं आत घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं.

“आता बोला.”

दादूने वल्हं धरलं. त्याची पाठ ताठ झाली. भिंतीपलीकडे दूर कुठेतरी पाहत त्याने छातीत वारा भरून घेतला.

“कालवण खारट झालंय!”

चार घरं सोडून काशीबाईने विचारलं, “काय बुडालं रं?”

जमनाने वल्हं त्याच्या हातातून काढून घेतलं, बाहेर नेऊन ठेवलं आणि ती आत आली. मग तिने कोपऱ्यातली पाटी पुढे ओढली आणि तिच्यामागे मांडी घालून बसली.