बारा वाजताची सावली

"अहो, डोक्यावर मांडव आहे ना? मग ही पानं करपली कशी?"

काकूंनी शेवंतीचं एक पान काकांच्या नाकासमोर धरलं. ते बोटांतच चुरलं.

बांबू काकांनी स्वतः रोवले होते, हिरवी जाळी स्वतः ताणून बांधली होती. शिवाय रोज जेवायला बसण्याआधी, बाराच्या ठोक्याला, अंगणात जाऊन ते खात्री करून घेत. सगळ्या कुंड्या सावलीत! मग जेवण, मग दोघांची वामकुक्षी. चहाच्या वेळी उठून बघावं, तर झाडांनी माना टाकलेल्या.

ही शेवंती काकूंच्या आईच्या अंगणातली. काकांच्या प्रत्येक बदलीला काकूंनी तिची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन प्रवास केला होता. आरसे फुटले, कपाटाचा पाय मोडला, पण शेवंती पोचली. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी थंडीत पहिलं पिवळं फूल उमललं की काकूंना तिचा अंबाडा दिसे. या घराचं अंगण म्हणजे मात्र भट्टी. एवढा उन्हाळा निभला नाही, तर सगळं संपलंच.

"जाळी पातळ पडत असेल," म्हणून काकांनी दुसरा थर चढवला. पानं करपलीच.

"तुम्ही टाकीचं कढत पाणी घातलंत."

"पाणी तू घालतेस!"

"म्हणजे माझ्यामुळे करपली?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"मनात म्हणालात."

मधल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडून शेजारची शिलाईवाली ऐकत होती. "काका, मांडव जरा उंच करा की. वारा खेळेल छान," ती गोड आवाजात म्हणाली.

काकांना ते पटलं. नाहीतरी बांबूवर डोकं आपटून टेंगूळ आलंच होतं. मांडव हातभर उंच झाला. येणारे-जाणारे विचारू लागले, "काका, कुणाचं लग्न काढलंत?" शिलाईवाली रोज मांडवाची तारीफ करी. हिला आपल्या जाळीचा एवढा पुळका का, हे काही काकूंना उमगेना. आणि पानं आता आणखीच करपू लागली.

एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, काकूंना जाग आली. घाम पुसत त्या अंगणात आल्या आणि उभ्याच राहिल्या. सूर्य कलला होता. मांडवाखालून तिरपं ऊन थेट कुंड्यांवर पडलं होतं. आणि सावली? ती भिंत ओलांडून पलीकडे गेली होती. तिच्यात मशीन मांडून शिलाईवाली आरामात पाय मारत बसली होती.

"या काकू! काका आमच्यासाठी एवढं करतील असं वाटलं नव्हतं हो. दुपारी घरात बसवत नव्हतं."

काका डोळे चोळत बाहेर आले. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "पण बारा वाजता तर..."

"सूर्य काय तुमच्यासारखा बाराला जेवून झोपतो?"

काकांना ते लागलं. तरातरा जाऊन त्यांनी बांबूची दोरी सोडायला घेतली. "काढूनच टाकतो. लोकांना सावल्या वाटायला बसलोय का मी?"

मशीन थांबलं. काकूंची नजर मशीनशेजारच्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर गेली. त्यात शेवंती होती. गेल्या पावसाळ्यात त्यांनीच दिलेली एवढीशी काडी. आता तिला चहूकडून कोवळे धुमारे फुटले होते. पानांची तीच कातर, तोच गर्द रंग. आईच्या अंगणातला.

"खबरदार त्या दोरीला हात लावाल तर!" काकू ओरडल्या.

काका दोरी धरून तसेच गोंधळून उभे राहिले. "अगं, पण मग करू काय?"

"कुंड्या उचला."

एकेक कुंडी भिंतीवरून पलीकडे गेली. पाठोपाठ काकूंचं स्टूलही गेलं. शेवटची कुंडी शिलाईवालीच्या हातात देऊन काकांनी कपाळ पुसलं आणि शांतपणे निकाल दिला,

"माझा मांडव बरोबरच होता. भिंत चुकीच्या जागी बांधलीये."