आधी खाली उतरा

१९ मे. पावसाआधी पन्हळी साफ करायच्या होत्या, म्हणून चहा झाल्याझाल्या भिंतीला शिडी लावली. सुपारीचा पालापाचोळा, नारळाचं पिंजर आणि वाळून कोळ झालेली एक चिचुंद्री एवढं निघालं. शिडीवरून दगडी गडग्यापलीकडचं शेजाऱ्यांचं अंगण दिसतं. तिथे प्रभाकर भाऊजी आपल्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकासमोर स्टूल टाकून बसले होते. माणसं सकाळी देवासमोर बसतात. भाऊजी चाकासमोर बसतात.

त्या जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढी एक लोखंडी टोपी आहे. तिच्यावर दोन खुणा, फ्री आणि लॉक. भाऊजी रोज सकाळी दोन्ही टोप्या हाताने फिरवतात. फ्री, लॉक, फ्री, लॉक. आमच्या दिवेआगरच्या खाऱ्या हवेत लोखंड चार दिवस स्वस्थ बसलं की कायमचं बसतं, हे त्यांचं कारण. कारण खरं आहे. माझ्या खिडक्यांच्या बिजागऱ्या साक्षीला आहेत.

भाऊजी माझे सख्खे दीर नव्हेत. आमच्या ह्यांचे वर्गमित्र, साठी उलटलेले. जन्मभर सरकारी ऑफिसच्या जीपमध्ये मागच्या बाकावर फायली मांडीवर घेऊन बसले. तीच जीप लिलावात निघाली तेव्हा घेऊन आले आणि पुढच्या सीटवर बसले. तेव्हापासून त्यांनी जगाची विभागणी चाकांवरून केली. माणसाची जात, गाव, नोकरी विचारायची त्यांना गरज उरली नाही. आम्ही पर्यटकांना देतो त्या दोन खोल्यांत उतरायला पाहुणे आले की त्यांच्या सामानाआधी भाऊजी हजर. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे. "कामाला किती?"

"काय किती?"

"चाकं हो. चार सगळ्यांनाच असतात. कामाला लागतात किती?"

दोन-तीन कुटुंबांना वाटलं हा म्हातारा हवा सोडतो. एका बाईंनी मला तसं बोलून दाखवलं. मी म्हटलं, सोडत नाही, हवा फक्त तोंडाने जाते.

एका दिवाळीत पुण्याच्या एका पाहुण्याने 'वाहने नेऊ नयेत' ही पाटी वाचूनही गाडी किनाऱ्यावर नेली. उंच, काळी, दहा-बारा वर्षांची, चढायला पायरी असलेली. वाळूत मागची चाकं रुतली आणि समोरून भरती. बायको मुलाला कडेवर घेऊन लांब उभी, आणि पाहुणा ॲक्सिलरेटर दाबून आणखी खोल जातोय. भाऊजी आले ते थेट वाळूत पालथे झाले आणि गाडीखाली डोकं घातलं.

"पुढच्या दोन चाकांच्या मधे काही नाही हो. मोकळं आहे. सगळा जोर मागच्या दोघांवर. पुढची दोन नुसती दिशा दाखवतात, लग्नातल्या मामांसारखी."

"काका, ही एसयूव्ही आहे."

"असेल. उंच आहे खरी. माझा मेव्हणाही उंच आहे."

मग जीप आणली. दोर बांधायच्या आधी खाली उतरून त्यांनी एकेक टोपी लॉकवर फिरवली, आणि फिरवताना शिकवणी घेतली. पाहुणा ओरडतोय, "काका, पाणी आलं!" आणि हे म्हणतात, "येऊ दे. नीट ऐका. आतला दांडा ओढला म्हणजे फोर-व्हील लागलं असं नाही. दांडा नुसता हुकूम देतो. पुढची चाकं ऐकतात ती ह्या टोपीचं. म्हणून आधी खाली उतरायचं. चिखल असो, पाऊस असो, आधी खाली उतरायचं." गाडी निघाली तेव्हा पाणी दाराच्या पायरीला लागलं होतं.

हे तत्त्वज्ञान माणसांनाही लागू होतं. मला म्हणाले, "वहिनी, तुमचा संसार मागच्या चाकांवर. तुम्ही ढकलता, आणि तो पुढे बसून स्टिअरिंग धरतो." आमचे हे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. स्वतःबद्दल म्हणायचे, "मी फोर-बाय-फोर. दणकट, पण कुणीतरी उतरून कान पिळल्याशिवाय चालत नाही. आणि आमची शैला ऑल-व्हील. तिला सांगावं लागत नाही. कुठलं चाक घसरतंय ते तिचं तिला कळतं, आणि जोर आपोआप तिकडे जातो."

"आणि तुम्ही कधी लागता कामाला?" त्यांची बायको शैला आतून विचारायची. भाचीसाठी स्थळ बघायला गेले असता भाऊजींनी मुलाच्या वडिलांना विचारलं होतं, "मुलगा ओढणारा की ढकलणारा?" तेव्हा शैलाने सगळ्यांसमोर त्यांचा हात दाबला होता. "अहो, माणसं आहेत ती. गिअरबॉक्स नव्हेत."

शैला जाऊन आता काही वर्षं झाली. जुलै होता. दुपारपासून तिच्या छातीत दुखत होतं आणि दम लागत होता. दवाखाना बोर्लीला, आणि त्या रस्त्याला मोरीवरून कमरेइतकं पाणी वाहत होतं, म्हणून भाऊजींनी तिला जीपमध्ये घालून शेतातली वाट धरली. ती मोरीच्या पुढे निघून बोर्लीच्याच रस्त्याला मिळते. अर्ध्या वाटेवर जीप चिखलात बसली. आम्ही माणसं गोळा करून पोचलो तोवर तिचं सगळं संपलं होतं. दिवसभर येणारे-जाणारे एकच म्हणत होते, "एवढी फोर-व्हीलची गाडी, तिचंही त्या चिखलापुढे काही चाललं नाही. मग माणसाने काय करावं?" भाऊजी मान हलवत होते. त्यानंतर त्यांचं चाकांचं वेड वाढलं. मी त्याला रिकामपण म्हणायचे.

गेल्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात अर्धाच परत आला. पुण्याची मुलगी अश्विनी ह्या रविवारी जीपचं गिऱ्हाईक घेऊन येणार आहे आणि परत जाताना वडिलांना घेऊन जाणार आहे. घर बंद. भाऊजींनी हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मुलगी शहाणी आहे.

तर आज सकाळी शिडीवरून दिसलं ते असं. भाऊजींनी टोपीवर फडकं टाकलं, त्यावर उजवा हात ठेवला, त्या हातावर डावा हात ठेवून जोर केला. हात घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. एवढं होऊन तोंडातून शब्द नाही. ह्या माणसाच्या तोंडातून शब्द नाही म्हटल्यावर मी खाली आले आणि गडग्याला वळसा घालून गेले.

"जाम झाली का हो टोपी?"

"टोपी नाही, वहिनी. हात."

"राहू दे मग. रविवारी जाणारच आहे ना गाडी?"

"जाम झालेली गाडी भंगारात जाते. चालती असली तर अश्विनीला सांगता येतं, राहू दे म्हणून. गाडी राहिली तर मी राहतो."

"पण कुणासाठी राहू दे?" मी सरळच विचारलं. गुळमुळीत विचारून कुणाचं भलं होत नाही.

त्यांनी हनुवटीने आमच्या घराकडे दाखवलं. "तुमच्या सासूबाई आहेत. पलीकडे इंदूताई आहेत. मोरीवर पाणी आलं की ह्या आळीतून माणूस बाहेर काढणार कशात? तुम्ही बोर्लीहून बटाटे आणता त्या व्हॅनमध्ये?"

पावसाळाभर ही जीप तोंड रस्त्याकडे करून, टोप्या लॉकवर ठेवून का उभी असते ते मला तेव्हा कळलं.

मी पायरीवर बसले. भाऊजी फडक्याची घडी घालत होते. एका हाताने घडी नीट पडत नव्हती.

"त्या दिवशी ती दोन चाकांवरच चालत होती," ते म्हणाले.

"कधी?"

"शैलाच्या दिवशी. सकाळी डिझेल वाचवायला म्हणून मीच टोप्या फ्रीवर फिरवल्या होत्या. चिखल लागला, मी दांडा ओढला. उतरायला दार उघडलं तर ही म्हणते, उतरू नका हो, भिजाल, तुम्हाला खोकला आहे. तिला श्वास पुरत नव्हता आणि ती माझ्या खोकल्याचं बोलत होती. दार लावून घेतलं. म्हटलं, जाईल तशीच. जन्मात एकदा तिचं ऐकलं, वहिनी."

अंगणात सुपाऱ्या वाळत पडल्या होत्या. त्यांच्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत बसले.

"लोक म्हणतात गाडीचं काही चाललं नाही. गाडीला मी कामाला लावलंच नव्हतं. कळलं तेव्हा उतरून फिरवल्या. तोवर गाडी पोटावर बसली होती."

"पुढे वडाची फांदी आडवी पडली होती, भाऊजी. बोर्लीचा रस्ता तिथून बंदच होता. आपण सगळ्यांनी पाहिली."

"तुम्ही नंतर पाहिलीत. मी त्या दिवशी फांदीपर्यंत पोचलोच नाही."

तुमची चूक नाही असं म्हणणं मला जमलं नाही, कारण ते हिशेबी माणूस आहेत, त्यांना ते पटलं नसतं. मी उठले. पन्हळ अर्धी राहिली होती. ती संध्याकाळपर्यंत पुरी केली. रात्री सासूबाईंनी विचारलं, आज एवढी गप्प का. म्हटलं, पाठ दुखते.

२० मे. सकाळी चहाच्या आधी गडग्याला वळसा घालून गेले. भाऊजी स्टूलवर होतेच. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं.

"कुठली आधी?"

त्यांनी स्टूल बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "डावीकडची. कट्ट वाजेपर्यंत सोडू नका. बायका मधेच सोडतात."

"तुम्ही गप्प बसा."

टोपी हट्टी होती. तिसऱ्या खेपेला हलली. फ्री, लॉक, फ्री, लॉक. पलीकडे जाऊन उजवीकडचीही फिरवली. हाताला काळं ग्रीस लागलं, ते साबणाने जात नाही, हे आता मला माहीत आहे.

"ठेवू कशावर? फ्रीवर?" रस्ता कोरडा ठणठणीत होता. कोरड्या डांबरावर लॉक लावणाऱ्याला भाऊजी गाढव म्हणत असत.

"लॉकवर."

"रविवारी अश्विनी आली की आधी माझ्याकडे पाठवा. म्हणावं, गिऱ्हाईक पावसाळ्यानंतर. तोवर गाडी मी चालवीन आणि तुमच्याकडे लक्षही ठेवीन." एवढं सांगून मी ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले आणि हात पुढे केला. "चावी द्या."

त्यांनी चावी दिली नाही.

"आधी खाली उतरा."

"आत्ता तर फिरवल्या मी, तुमच्यासमोर."

"तरी. उतरून बघा."

मी उतरले. वाकून एक बघितली, वळसा घालून दुसरी बघितली. दोन्ही लॉकवर होत्या. तेव्हा भाऊजींनी चावी दिली, डाव्या हाताने.