मिक्सर लावा, काकू

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला सुमेध गायक आहे, आणि त्याला साथीला तबला लागत नाही, माझा मिक्सर लागतो.

नवं गाणं झालं, की तो लहानसा स्पीकर घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो. "काकू, मिक्सर लावा नं जरा." मी शेंगदाण्याचं कूट करायला घेते, तो ओट्यावर गाणं लावतो, आणि संपलं की विचारतो, "आवाज राहू द्या. शब्द कळले का?" नाही म्हटलं, की मुकाट्याने घरी जाऊन सगळं पुन्हा रेकॉर्ड करतो. आमच्या घरात कुटाचे डबे इतके साठलेत, की ह्यांनी उपास नसतानाही साबुदाण्याची खिचडी खायला सुरुवात केली आहे.

सुमेध मूळचा वर्ध्याकडचा. कॉम्प्युटरची बरी नोकरी सोडून तो स्वतः गाणी लिहितो, स्वतः चाली लावतो आणि कपाटात, गोधड्यांच्या मधे उभा राहून गातो. मग ती इंटरनेटवर टाकतो. कोथरूडमध्ये अशा माणसाला भेटेल तो विचारतो, "हल्ली काय करतोस?" त्याने खरं सांगितलं, की पुढचा प्रश्न येतो, "ते झालं. पण करतोस काय?"

त्याचा आवाज जाडा, खालच्या पट्टीतला आणि सावकाश. माझ्या नणंदेने ऐकला आणि म्हणाली, "याला वाफ घ्यायला सांग." कुठल्याशा बाईने लिहिलं, की तिचं बाळ या आवाजाशिवाय झोपत नाही. एका मुलाने लिहिलं, "दादा, ब्रेकअपनंतर फक्त तुलाच ऐकतो." सुमेध हे सगळं मला वाचून दाखवतो आणि खट्टू होतो. "शब्दांचं कोणीच बोलून नाही राहिलं, काकू."

मागच्या महिन्यात मुंबईहून एका मालिकावाल्यांचा फोन आला. त्यांना त्याचं गाणं हवं होतं. अट एकच होती, पट्टी चढवून गायचं, आवाज तरुण वाटला पाहिजे. याने सरळ नाही म्हणून सांगितलं.

मी भडकलेच. "अरे, घरोघरी ऐकतील तुला! वर गायला काय होतंय? गळा काय ठेवणीतला आहे?"

तो ओट्याला टेकून उभा राहिला. मिक्सरकडे बघत म्हणाला, "वरच्या पट्टीतलं माझ्या आईला ऐकू येत नाही, काकू. बारीक आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाही. आणि दिवसभर तिच्या कानात घरघर चालू राहते. मिक्सर लावल्यावानी, असं तीच म्हणते."

"अरे, मग कानाचं मशीन?"

"लावलं. घरघर तशीच आहे."

वर्षभर मी या पोराचे किस्से आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवत होते. मला माझीच लाज वाटली.

मी मिक्सर सुरू केला. भांड्यात काहीच नव्हतं. "लाव गाणं," म्हटलं. गाणं भाकरीचं होतं, शाळेची एसटी चुकू नये म्हणून आईने घाईत केलेल्या. आयुष्यात कधी ऐकलं नाही इतकं कान देऊन ऐकलं. दुसऱ्या कडव्यातला 'करपली' हा शब्द घरघरीत बुडत होता. तसं सांगितलं. त्याने घरी जाऊन तो आणखी खाली आणि आणखी सावकाश म्हटला.

रविवारी त्याने गाणं गावी पाठवलं. दुपारी त्याच्या आईचा फोन आला तेव्हा तो आमच्याकडे खिचडीच खात होता. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्या बोलत होत्या, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"काहून रे सुमेध, माही भाकर करपली म्हणून साऱ्या दुनियेला सांगून राहिला का?"

त्याने घास ताटात ठेवला. "कळले का शब्द, आई?"

हे काही त्यांना ऐकू गेलं नाही. त्या आपल्या तावातावाने बोलतच होत्या. "अन् करपली थे मी खाल्ली होती. तुले चांगली देल्ली होती. थे काहून नाही टाकलं गाण्यात?"

त्याने पुन्हा विचारलं नाही. फोन कानाशी घट्ट धरून तो हसत राहिला, आणि डोळे पुसायला त्याने माझाच नॅपकिन ओढला.