डोळ्याला बरं, छातीला न्हाय

कांबळेकाका जून ते ऑक्टोबर वर्तमानपत्राला इस्त्री करून मगच वाचायचे. पेपरवाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टाकायचा, तरी काकांच्या हाताला तो ओलाच लागायचा. मग सकाळी सात वाजता टेबलावर जुनं घोंगडं पसरून एकेक पान इस्त्रीखालून जायचं. तापलेल्या कागदाचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. "बातमी कशी, कोरडी पायजे," असं म्हणायचे.

शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. काका एका सरकारी कचेरीत जुनं रेकॉर्ड सांभाळायचे. दिवसभर तिथल्या फायलींवरची बुरशी झटकायची आणि संध्याकाळी येऊन घरातली. मीठ, पोहे, काड्यापेटी, पायमोजे, सगळं शेगडीच्या उबेला मांडलेलं असायचं. भिंतीवरची बुद्धाची तसबीर दर रविवारी उतरायची, मागून पुसली जायची आणि उन्हाची तिरीप आलीच तर तिच्याबरोबर घरभर फिरायची.

एकदा मी शाळेतून भिजत आले. तेव्हा काकांनी माझी छत्री हातातून काढून घेतली आणि तिलाही इस्त्री केली. छत्रीला बोटभर भोक पडलं. काकांनी ती उजेडात धरून नीट पाहिली आणि मला परत दिली. "भोक हाय," ते म्हणाले, "पर कोरडं हाय."

कोल्हापूरच्या हिरवाईचं कौतुक त्यांच्यासमोर करायची सोय नव्हती. माझ्या बहिणीचे यजमान सोलापूरहून आले होते. गच्चीवर उभं राहून म्हणाले, "काय भाग्यवान लोक तुम्ही! बारा महिने सगळं हिरवंगार."

शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "पावणं, मुक्काम किती दिस?"

"दोन दिवस."

"मग दिसणारच की हिरवं. चार महिनं ऱ्हावा, आन् मग चपला बघा. त्याबी हिरव्या हुत्यात. ह्ये समदं डोळ्याला बरं, छातीला न्हाय."

काका मूळचे जतकडचे. तिकडं पाऊस आला तर लोक दारात येऊन बघतात, कोण आलंय म्हणून, असं तेच सांगायचे. उन्हाळ्यातली धूळ त्यांना चालायची. धूळ झटकली की जाते, ओल कुठं झटकणार, हे त्यांचं म्हणणं.

आम्ही हसायचो. पण या सगळ्या खटाटोपाचं कारण भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. काकूंना दमा होता. आभाळ भरून आलं की त्यांच्या छातीत बारीक शिट्टी वाजायला लागायची, आणि पाठोपाठ काकांच्या खराट्याचा आवाज सुरू व्हायचा. परसातलं शेवाळ खरवडून काढलं की काकूंना श्वास येईल, असा त्यांचा विश्वास होता.

डॉक्टरांनी कोरड्या हवेला न्या म्हणून सांगितल्यापासून दर जूनमध्ये काका काकूंना जतला, आपल्या थोरल्या भावाच्या घरी पोहोचवायचे आणि दिवाळीच्या सुमाराला परत आणायचे. नोकरी इथली, म्हणून स्वतः इथंच राहायचे. इस्त्री आणि खराटा मात्र काकू नसतानाही चालूच असायचे. काकूंचं माहेर आजऱ्याकडचं. पावसातच वाढलेली बाई. निघायच्या दिवशी त्या मागच्या पायरीवर बसून परसाच्या भिंतीवर फुटलेली नेची बघत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "जतला श्वास बरा येतो गं. पर तिथं समदं मातकट. डोळं दमत्यात माजं."

एका वर्षी मी त्यांच्यासोबत स्टँडवर गेले होते. काकांनी सामान लावलं, काकूंना बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "खिडकी लावून घ्या, झड येतीया." काकूंनी गाडी हलताच खिडकी उघडली. काका खालून ओरडत राहिले.

पुढं दिवाळीतली थंडीही काकूंना सोसेना. आता कोल्हापूर नकोच, असं डॉक्टर म्हणाले. काकांच्या नोकरीची तीन वर्षं राहिली होती. काकू पुन्हा इथं राहायला आल्या नाहीत. जतलाच वारल्या, काकांच्या निवृत्तीला दोन महिने असताना. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आदल्या श्रावणातलं.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर मी माझ्या नंबराची वाट बघत उभी होते. पाऊस असा की समोरचं दुकान दिसत नव्हतं. आत काका जतला फोन लावून ओरडत होते. बूथच्या पत्र्यावर इतका दणदणाट चालला होता की ओरडल्याशिवाय इलाजच नव्हता.

"कसला पाऊस! औंदा थेंब न्हाय बघ... व्हय, समदं वाळलंय. परसातलीबी झाडं गेली. काय न्हाय हितं बघन्यासारकं... नेची? ती कवाच करपली की!"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नजर फिरवली. सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. मग पलीकडून काकू काहीतरी बोलल्या असाव्यात. काका ऐकत राहिले. ओरडणं थांबलं.

"आवाज?" ते हळू म्हणाले. "आवाज ऐकू येतोय व्हय तुला?"

उत्तर ऐकायला काकांनी रिसीव्हर कानाशी दाबला. मग त्यांनी बूथचं दार ढकललं, वायर जाईल तितकी ताणली आणि रिसीव्हर धरलेला हात बाहेर, पागोळ्यांखाली धरला.

बूथवाला ओरडला, "काका, आत घ्या! भिजतंय सगळं!"

"भिजू दे," काका म्हणाले.

हात तसाच बाहेर होता. बाहीतून पाणी कोपरापर्यंत उतरत होतं. मी माझा नंबर सोडला आणि पावसातच घरी चालत आले.