कुंदाताईंचा ताठा

एका जंगलात, मुलांनो, पाणी कमी होतं पण ऑर्केस्ट्रे फार होते. त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या ऑर्केस्ट्रात कुंदाताई नावाची अस्वलीण बास गिटार वाजवायची.

बास गिटार म्हणजे जाड तारांची, लांब दांड्याची, वजनाने चांगलीच जड अशी गिटार. ती वाजत असते तेव्हा कोणाला ऐकू येत नाही. थांबली की मात्र सगळे म्हणतात, गाणं आज पोकळ का वाटतंय?

कुंदाताईंचा तिच्यावर फार जीव. जाड तार छेडली की त्यांच्या पोटात घूं घूं व्हायचं. मधापेक्षाही ते गोड वाटतं, असं त्या म्हणायच्या. अस्वलाने असं म्हणणं म्हणजे फार झालं.

पण एक अडचण होती. गिटारचा पट्टा त्यांच्या मापाचा नव्हता. तो आधीच्या वादकाचा, करकोचेबुवांचा होता. बुवांची मान हातभर लांब. त्यांच्या मानेवरून निघालेला पट्टा त्यांच्या छातीशी संपायचा. कुंदाताईंना मान जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे गिटार थेट गुडघ्यांशी लोंबायची आणि त्या कमरेत वाकून वाजवायच्या.

लोकांना हे फार आवडायचं.

"काय ती नम्रता!" रानडुकरीणबाई पदराने डोळे पुसायच्या. "कलेपुढे कशी वाकते बघा!"

"डोकं वर म्हणून काढत नाही," साळिंदरकाका म्हणायचे. "समाधीच लागते तिला."

समाधी वगैरे काही नव्हती, मुलांनो. मान अवघडलेली असायची.

हळूहळू दुखणं वाढलं. आधी खांदा धरला. मग पाठ धरली. मग डावा हात वर होईना. झाडावरचं पोळं समोर दिसायचं आणि काढता यायचं नाही. एकदा तर गाण्याच्या मध्येच बोटं बधिर झाली आणि तार सुटली. त्या रात्री कुंदाताईंना झोप लागली नाही. हात गेला तर गिटार गेली, आणि गिटार गेली तर मग नुसतं अस्वल होऊन काय करायचं?

त्यांनी कासवभाऊंना विचारलं.

"पाठ दुखते?" कासवभाऊ म्हणाले. "मी जन्मभर घर पाठीवर घेऊन फिरतोय. कधी बोललो?"

त्यांनी वटवाघूळमावशींना विचारलं.

"उलटी लटक गं," मावशी म्हणाल्या. कुंदाताई लटकल्या. फांदी मोडली. पाठीच्या दुखण्यात कमरेची भर पडली.

शेवटी त्या वानरीण डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी त्यांना गिटार घालून उभं केलं आणि चारी बाजूंनी पाहिलं.

"हा पट्टा कोणाचा?"

"करकोचेबुवांचा."

"मग दुखणंही त्यांनाच द्या. बसा त्या दगडावर. गिटार मांडीवर घ्या. कशी वाटते?"

"बरी वाटते."

"आता उभ्या राहा. बसल्यावर गिटार जिथे होती तिथेच ती उभ्यानेही राहिली पाहिजे. नाही राहत? मग पट्टा आखूड करा. आणि हा पट्टा म्हणजे नुसती सुतळी, खांद्यात रुतते आहे. चांगला रुंद पट्टा विणून घ्या. दांडा थोडा वर तिरपा धरा, म्हणजे मनगट मुडपणार नाही. पाय जरा फाकवा, गुडघे सैल सोडा. खांदे कानांना का चिकटवलेत?"

"सवय."

"सोडा. आणि तारांकडे सारखं बघू नका. बोटांना वाट पाठ आहे. दोन गाण्यांच्या मध्ये गिटार उतरवून ठेवा. ती कुठे पळून जात नाही."

कुंदाताईंनी अंबाडीचा रुंद पट्टा विणून घेतला. गिटार पोटाशी आली. पाठ सरळ झाली. थोड्याच दिवसांत हात पोळ्यापर्यंत पोचू लागला. वाजवणंही सुधारलं. कधी नव्हे ते सगळे सूर जागच्या जागी पडू लागले.

आणि मुलांनो, जंगलात गहजब झाला.

"पाहिलंत का?" रानडुकरीणबाई म्हणाल्या. "मान वर! वाजवताना चक्क माझ्याकडे बघून हसली!"

"कालपर्यंत केवढी नम्र होती," साळिंदरकाका म्हणाले. "चार टाळ्या मिळाल्या की असंच होतं. ताठा आला, ताठा!"

आता, ताठ आणि ताठा यांत फरक फक्त एका कान्याचा. पण त्या जंगलात कोणालाच लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे तो कोणाच्या लक्षात आला नाही.

ऑर्केस्ट्राचे मालक होते मनोहरपंत मोर. गायचेही तेच, आणि तरीही ऑर्केस्ट्रा चालायचा. ते धावत आले.

"कुंदाताई, थोडं वाका की हो!"

"पंत, पाठ दुखते."

"अहो, पण लोक रडत नाहीत हल्ली. पूर्वी कसे हुंदके यायचे!"

"मी पूर्वी चुकायचे, पंत. आता एक सूर हलत नाही."

"सूर कोण ऐकतंय? लोक बघायला येतात." पंतांनी पिसारा मिटला. ते काही गंमत करत नव्हते. "पौर्णिमेला महाराजांपुढे कार्यक्रम आहे. वाकलात तर तुम्ही. नाहीतर बगळ्याला उभा करतो. त्याला वाजवता येत नाही, पण मान छान खाली घालतो."

कुंदाताईंनी घरी जाऊन जुना पट्टा बांधून पाहिला. एक गाणं संपायच्या आत बोटं बधिर झाली. त्या तशाच ओट्यावर बसून राहिल्या. वाकलं तर हात जातो, नाही वाकलं तर जागा जाते. गिटार दोन्हीकडून जात होती.

दुसऱ्या दिवशी सराव चालू असताना गंगाराम तरस काम मागायला आला. तरसाची पाठ तुम्ही पाहिली असेल. खांद्यापासून शेपटीपर्यंत घसरगुंडी.

"वाजवता येतं का काही?" पंतांनी वैतागून विचारलं.

"नाही, साहेब."

"मग काय येतं?"

"वाकता येतं, साहेब. जन्मभर तेच केलंय."

पंतांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कुंदाताईंकडे पाहिलं. मग त्यांचा पिसारा आपोआप उघडला.

पौर्णिमेला महाराज सिंह सहकुटुंब आले. रंगमंचावर मधोमध गंगाराम उभा. गळ्यात पोकळ लाकडाची गिटार, पार नडगीशी लोंबणारी. तारा रंगवलेल्या. आणि मागच्या पडद्याआड कुंदाताई, पाय फाकवून, खांदे सैल सोडून, पाठ सरळ ठेवून खरी गिटार वाजवत होत्या. त्यांनी इतकं सुंदर याआधी कधीच वाजवलं नव्हतं. पडद्याच्या त्या बाजूला हुंदक्यांचा नुसता पूर आला.

"हा आवाज!" महाराज गहिवरून म्हणाले. "हा बोटांचा नव्हे. हा वाकलेल्या पाठीचा आवाज आहे."

त्यांनी गंगारामला शाल आणि श्रीफळ दिलं. शाल घेताना गंगाराम आणखी वाकला. रानडुकरीणबाईंना शुद्ध राहिली नाही.

तेव्हापासून हेच ठरून गेलं. पुढे गंगाराम, मागे कुंदाताई. ऑर्केस्ट्रा जोरात चालू लागला. कुंदाताईंना लोक विसरले, पण त्यांच्या पोटात रोज घूं घूं होत होतं, आणि हात वर जात होता.

एका संध्याकाळी कार्यक्रमाआधी गंगाराम पडद्यामागे आला. एका हाताने त्याने खांदा धरला होता.

"ताई, तुमचंही असंच दुखायचं म्हणे. कसं गेलं?"

कुंदाताईंचा जीव कळवळला. "अरे, सोपं आहे. इकडे ये." त्यांनी त्याचा पट्टा आखूड केला. गिटार पोटाशी आणली. खांदे खाली दाबले, गुडघे सैल सोडायला लावले. गंगाराम आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभा राहिला. त्याच्या पाठीतून कडकड आवाज आला.

"आई गं!" तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "ताई, असं असतं होय हे?"

"असंच असतं."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग बाहेर घंटा झाली. गंगारामने निमूटपणे पट्टा पुन्हा नडगीपर्यंत सैल केला.

"अरे, दुखेल!" कुंदाताई म्हणाल्या.

"दुखेल, ताई. पण सरळ उभा राहिलो तर इथे माझं काम काय?"

कुंदाताई म्हणाल्या, "घरी गेल्यावर तेल चोळ हो." मग त्यांनी पाय फाकवले, पाठ सरळ केली आणि पहिली तार छेडली. रंगमंचाचा पुढचा पडदा उघडला. गंगाराम वाकला. लोक रडू लागले.

तात्पर्य: मुलांनो, वाद्य उभ्याने वाजवताना पट्टा आपल्या मापाचा ठेवावा, खांदे सैल सोडावेत आणि पाठ अजिबात वाकवू नये. वाकायला कोणी ना कोणी मिळतंच.