जावईबापूंची विहीर-पाहणी

अमरावतीकडे पाहण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला मी दोनच शिक्षा देतो. एक तर त्याला माझ्या गोष्टी ऐकवतो, नाही तर त्याला फिरायला नेतो. आमच्या जावईबापूंना दोन्ही भोगाव्या लागल्या!

पुष्कर पुण्याचा. कंपनीच्या कामानं मेक्सिकोला जाऊन आलेला. मे महिन्यात आमच्या इशितासोबत आठ दिवस राहायला आला. पण त्या वर्षी लोडशेडिंग असं, की वीज येते कधी आणि जाते कधी ते विजेलाही ठाऊक नसायचं! कूलर बंद पडला, की जावईबापू सोललेल्या संत्र्यासारखे कोमेजून बसत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाबा, आम्ही उद्या निघावं म्हणतो."

आमच्या बायकोनं, गोदावरीनं, मला स्वयंपाकघरात ओढलं. "पोरगी दोन वर्षांनी आली. जावई निघाला की तीही निघाली. आजवर जगाला थापा मारल्या, आज एक कामाची मारा! पण माझी पोर थांबवा."

मी बाहेर आलो. पुष्कर लॅपटॉपवर फोटो दाखवत होता. जंगलात पायऱ्या-पायऱ्यांची पडकी देवळं, आणि जमीन खचून झालेला भलामोठा गोल खड्डा. त्यात निळंशार पाणी आणि पोहणारे लोक.

"खास गाडी केली होती, बाबा. आधी माया लोकांचे अवशेष पाहिले, मग या डोहात पोहलो. असा दिवस पुन्हा येणार नाही!"

"हात्तीच्या! एवढंच? अहो, हे सगळं आपल्या नांदगाव खंडेश्वरच्या पुढं आहे! उद्याच जाऊ."

"खरंच? कुठल्या काळातले अवशेष?"

"ते अजून ठरायचं आहे," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं!

खास गाडी म्हणजे माझा दोस्त इनायतुल्लाची काळीपिवळी, रस्त्यात सीटा भरत जाणारी जीप. त्याला बजावलं, "आज फक्त आमी दोघं. रस्त्यात कोणी हात दाखवला तरी थांबायचं नाही."

"कसम से, उद्धवभाऊ!"

पण जन्माची सवय! हात वर दिसला, की इनायतुल्लाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. बडनेऱ्याच्या पुढं एक म्हातारा नुसता घाम पुसत होता, त्यालाही यानं गाडीत घेतलं! मग दोन बाया आल्या, एक पाण्याची मोटर आली, शेवटी एक बकरीही आली. ती पुष्करच्या मांडीवर.

घाम पुसणारा म्हातारा वाघझरीचा जानराव निघाला. आम्ही जात होतो तेच गाव. पुष्करची हॅट आणि कॅमेरा पाहून त्यानं विचारलं, "सायेब कोठचे?"

मी तोंड उघडायच्या आत इनायतुल्ला बोलला, "पुन्यावरून आले. तुमच्या गावची विहीर पाहाले."

जानरावनं हळूच टोपी काढली. मी तेव्हाच खुलासा करायला हवा होता. त्या वर्षांत गावोगाव दुष्काळ पाहायला सरकारी पथकं यायची. पांढऱ्या गाडीतून यायची, काचेतून पाहायची, बाटलीतलं पाणी पिऊन जायची. प्रत्येकाला हार घालून जानरावचे हात दुखले होते. पण बकरी मांडीवर घेऊन येणारा साहेब त्यानं जन्मात पाहिला नव्हता!

गावाबाहेर जानराव घाईघाईनं उतरला. आम्ही अवशेष पाहायला थांबलो. म्हणजे बंद पडलेला कापसाचा जिनिंग कारखाना हो! पडक्या भिंती, उंच चिमणी, भिंतीतून निघालेला पिंपळ. मी एका ओट्याकडे बोट दाखवलं. "इथं बळी द्यायचे."

"हौ," इनायतुल्ला म्हणाला, "दरवर्षी द्यायचे. मी बी इथंच कापूस आनून..." मी त्याच्या पायावर पाय दिला.

पुष्कर एका भिंतीसमोर थबकला. "बाबा, इथं 'विडी ओढू नये' असं लिहिलंय."

"राजा निर्व्यसनी होता!"

जावईबापू गालात हसले. पोरगा दिसतो तेवढा भोळा नाही, हे मला तेव्हाच कळलं.

जानरावची विहीर मात्र खरंच पाहण्यासारखी! गोल, दगडी, आत उतरत्या पायऱ्या आणि तळाशी हिरवं पाणी. पुष्कर फुललाच. कपडे काढले, चड्डीवर उभा राहिला, डोळ्यांवर पोहायचा चष्मा चढवला. तोवर अख्खं गाव काठावर जमलेलं. पुष्करनं उडी मारली. धप्प!

"पाह्यलं?" जानराव ओरडला. "आजवर जो आला तो काच वर करून गेला. हा पयला सायेब सोता उडी मारून खोली पाहून राह्यला!"

पुष्कर वर आला तर ओल्या गळ्यात हार, कानाशी डफडं!

"बाबा, हे काय?"

"इथला रिवाज आहे," मी टॉवेल देत म्हणालो.

पण "सायेब, कोन्या खात्याचे?" असं गाव सरळ विचारू लागलं तेव्हा तो गडबडला. "अहो, मी सरकारी नाही! मी कॉम्प्युटरवर काम करतो!"

जानराव सगळ्यांकडे वळून कुजबुजला, "गुप्त पथक हाये. खरा सायेब कधी सांगत नाही."

झालं! "सायेब, आता माह्या विहिरीत!" "त्याच्यात मारली, मंग माह्यात काहून नाही?" दुसऱ्या विहिरीत कमरेइतकं पाणी, तिसरीत गुडघ्याइतकं. जावईबापू पुढं, मागं टॉवेल घेऊन मी, त्यामागं डफडं!

शेवटी मैनाबाईची विहीर. म्हातारी एकटी राहणारी, विहीर कोरडी. पुष्करनं आत डोकावलं, मग मुकाट्यानं दोर धरून उतरला.

"काय दिसून राह्यलं, बापू?" वरून मैनाबाई.

"चिखल आहे, आजी. पण पायाला गार लागतंय. खालून पाणी झिरपतंय."

"म्हनजे झरा जित्ता हाये!" म्हातारी काठावरून आत ओणवली. "गाळानं बुजला असंल म्हनून साऱ्यायले सांगतलं. कोनी उतरलंच नाही रे बापू!"

पुष्कर वर आला तो म्हशीसारखा माखून. माझ्यासमोर उभा राहिला. मी मनातल्या मनात पुण्याच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला.

"बाबा, हा गाळ काढायला किती दिवस लागतील?"

"गाव लागलं तर... आठवडाभर."

"मग आम्ही थांबतो."

घरी आलो ते छाती फुगवूनच. "गोदावरी, तुझी पोर थांबवली!" तिनं डोळे पुसले, गल्लीत साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्कर फावडं घेऊन काळीपिवळीत चढला. पाठोपाठ इशिता! "आई, यायला उशीर होईल गं." त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी मैनाबाईकडेच मुक्काम ठोकला. आणि तिसऱ्या दिवशी पोळ्यांचं टोपलं घेऊन गोदावरी पुढच्या सीटवर बसली. "जिथं पोर, तिथं मी!"

घरात उरलो मी आणि बंद कूलर. चार लोकांनी आपल्याला मान द्यावा, म्हणून मीही वाघझरीला गेलो. म्हटलं, या साऱ्या करामतीचा कर्ता मी! निदान चहा तरी मिळेल.

मायलेकी लिंबाखाली हसत-खिदळत पोळ्या वाढत होत्या. मैनाबाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गाळाचं घमेलं हातात दिलं.

"तू सायेबाचा टॉवेल धरनारा शिपाई न रे? आता येऊन राह्यला? उचल!"

मी आशेनं गोदावरीकडे पाहिलं. तिनं पोरीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि मैनाबाईला सांगितलं, "त्याच्याशी बोलत बसू नका, बाई. गोष्टी सांगत बसतो!"